टाकणखार, विरल मृत्तिका आणि लेसरचा प्रकाश

टाकणखार हा पदार्थ आपल्या देशात फार जुन्या काळापासून परिचित आहे. सोनार दागिन्याला डाख लावताना तो वापरतो. धातूवरील मळ त्यात विरघळतो आणि सांधा स्वच्छ बसतो. टाकणखाराची लाही घरगुती औषधांतही असे. पूर्वी हा खार तिबेट व लडाखच्या पठारांवरून व्यापाऱ्यांमार्फत खाली येई. रसायनशास्त्राच्या परिभाषेत तो सोडियमचे बोरेट होय. म्हणजे बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या जोडणीतून झालेला एक क्षार.

दुसरा पदार्थ आहे केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील जड वाळूचा. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञास या वाळूत मोनॅझाइट हे खनिज आढळले. मोनॅझाइटात थोरियम असतेच. पण त्याचा निम्म्याहून अधिक भाग लँथॅनम, सीरियम, निओडिमियम इत्यादी मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांचा असतो. यांना ‘विरल मृत्तिका’ असे नाव आहे. हे नाव थोडे फसवे आहे. ही मूलद्रव्ये पृथ्वीच्या कवचात फारशी दुर्मिळ नाहीत. ती एकमेकांपासून वेगळी करणे मात्र अत्यंत कष्टाचे असते.

सोनाराचा खार आणि समुद्राची वाळू यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु बोरेट आणि विरल मृत्तिका यांना एका स्फटिकात योग्य रचनेने बसविले, तर त्या स्फटिकाच्या अंगी एक विलक्षण गुण येतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निर्माण करून त्याच ठिकाणी त्याचे तेजस्वी हिरव्या प्रकाशात रूपांतर करणे त्याला साधते. असे स्फटिक कशाने कार्य करतात, ते वाढविणे इतके अवघड का आहे, आणि म्हैसूरसारख्या विद्यापीठनगरीतील संशोधनाचा या प्रश्नाशी कोणता संबंध आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रकाशाची कंप्रता दुप्पट कशी होते

प्रकाश हा तरंगरूप आहे. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. कंप्रता वाढली की तरंगलांबी त्या प्रमाणात कमी होते आणि प्रकाशाचा रंग बदलतो. काच, पाणी किंवा हवा यांतून जाताना प्रकाश वळतो, मंदावतो, थोडा शोषलाही जातो; पण त्याचा रंग बदलत नाही. तांबडा प्रकाश काचेत शिरला तर बाहेर पडतानाही तांबडाच राहतो. शतकानुशतके प्रकाशशास्त्राची उभारणी या अनुभवावर झाली होती.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर तयार केला. त्यानंतर वर्षभरातच, १९६१ साली, मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेसरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला. वर्णपटाच्या छायापट्टीवर तांबड्या प्रकाशाच्या मोठ्या डागापासून दूर, ३४७.२ नॅनोमीटरच्या ठिकाणी, एक अगदी पुसट ठिपका उमटला. ही तरंगलांबी मूळच्या बरोबर निम्मी, म्हणजेच कंप्रता बरोबर दुप्पट होती. हा ठिपका इतका बारीक होता की नियतकालिकात लेख छापताना तो छायाचित्रावरील डाग समजून काढून टाकला गेला. एका नव्या शास्त्रशाखेचा पहिला पुरावा अशा रीतीने छापील पानावरून नाहीसा झाला, ही गोष्ट या क्षेत्रातील लोक आजही सांगतात.

हे कसे घडते? संगीताशी परिचय असलेल्या वाचकांस एक उदाहरण पुरेल. मध्य सप्तकातील षड्ज आणि तार सप्तकातील षड्ज यांत कंप्रतेचे प्रमाण एकास दोन असे असते. तार छेडली की मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकाचा स्वरही तीत मंदपणे मिसळलेला असतो. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांचेही काहीसे असेच आहे. प्रकाशतरंग आला की त्यातील विद्युत्-क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन पुढेमागे हेलकावे घेतात. प्रकाश मंद असेल तर हे हेलकावे प्रकाशाच्या तालाशी तंतोतंत जुळतात. परंतु प्रकाश लेसरइतका प्रखर असेल आणि स्फटिकाची रचना दोन्ही बाजूंनी सारखी नसेल, तर इलेक्ट्रॉनाचा पुढे जाणारा हेलकावा आणि मागे येणारा हेलकावा यांत फरक पडतो. या असमान हालचालीत दुप्पट कंप्रतेचा अंश असतो, आणि त्यापासून दुप्पट कंप्रतेचा प्रकाश बाहेर पडतो. प्रकाशाच्या या व्यवहारास अरैखिक प्रकाशकी असे म्हणतात. तिची सैद्धांतिक मांडणी करणाऱ्यांत अग्रगण्य असलेले निकोलास ब्लूमबर्गेन यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वरील वर्णनातील एक अट महत्त्वाची आहे. स्फटिकाची रचना दोन्ही बाजूंनी सारखी असता कामा नये. शास्त्रीय भाषेत, तिला सममितिकेंद्र असता कामा नये. मिठाच्या स्फटिकात असे केंद्र असते, म्हणून तो या कामी निरुपयोगी आहे. क्वार्ट्झमध्ये ते नसते.

दुसरी अट तितकीच कठीण आहे. लेझीमच्या ताफ्यात प्रत्येक गड्याचे पाऊल एकाच वेळी पडले तरच खेळास रंग चढतो. पावले मागेपुढे पडू लागली की नाद एकमेकांत विरून जातो. स्फटिकातही असेच होते. मूळ प्रकाश आणि त्यापासून जन्मलेला दुप्पट कंप्रतेचा प्रकाश सामान्यतः वेगवेगळ्या गतीने प्रवास करतात. त्यामुळे स्फटिकाच्या आरंभी जन्मलेले तरंग आणि पुढे जन्मलेले तरंग यांचा ताल चुकतो व ते एकमेकांस नाहीसे करतात. फ्रँकन यांच्या क्वार्ट्झमध्ये नवा प्रकाश इतका क्षीण राहिला याचे हे मोठे कारण होते. १९६२ साली यावर उपाय सापडला. काही स्फटिकांत प्रकाशाची गती त्याच्या कंपनाच्या दिशेनुसार बदलते. यालाच दुहेरी वक्रीभवन म्हणतात. असा स्फटिक नेमक्या कोनात कापला, तर एका दिशेने कंप पावणारा मूळ प्रकाश आणि दुसऱ्या दिशेने कंप पावणारा दुप्पट कंप्रतेचा प्रकाश यांच्या गती सारख्या होतात. या युक्तीस कलाजुळणी म्हणतात. ती साधल्यावर नव्या प्रकाशाचे प्रमाण नगण्य न राहता मूळ प्रकाशाच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते.

बोरेटांचा विशेष

अरैखिक कार्यासाठी अनेक पदार्थ तपासले गेले. त्यांत बोरेटांनी मानाचे स्थान मिळविले, ते तीन कारणांनी.

पहिले कारण म्हणजे त्यांची पारदर्शकता. बोरॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध बळकट असून त्यातील इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात. दृश्य प्रकाशच नव्हे, तर जंबुपार प्रकाशाचा बराच मोठा पट्टाही अशा स्फटिकांतून अडथळ्याविना पार होतो. दुसरे कारण म्हणजे त्यांचा टिकाऊपणा. लेसरचा झोत एका बिंदूवर एकवटला असता पुष्कळ पदार्थ तडकतात किंवा त्यांचा पृष्ठभाग जळतो. बोरेट स्फटिक हा मारा दीर्घकाळ सहन करतात. तिसरे कारण रचनेचे आहे. एका बोरॉन अणूभोवती तीन ऑक्सिजन अणू सपाट त्रिकोणात बसतात. हे त्रिकोण स्फटिकात एकाच दिशेस तोंड करून, समांतर थरांत मांडले गेले, तर प्रत्येक त्रिकोणाचा अरैखिक परिणाम दुसऱ्यात मिळतो आणि एकंदर परिणाम मोठा होतो.

या तत्त्वावर शोध करून चीनच्या फुजियान प्रांतातील संशोधनसंस्थेत चेन चुआंग्त्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बेरियम बोरेट आणि लिथियम ट्रायबोरेट हे दोन प्रसिद्ध स्फटिक जगापुढे आणले. आज जगातील असंख्य प्रयोगशाळांत व रुग्णालयांतील लेसर-यंत्रांत या कुळातील स्फटिक वापरले जातात. मधुमेहामुळे दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या बिघडल्या असता नेत्रवैद्य हिरव्या लेसरने जे डाग देतात, तो हिरवा प्रकाश बहुधा अवरक्त लेसरची कंप्रता अशा एखाद्या स्फटिकात दुप्पट करूनच मिळविलेला असतो.

एकाच स्फटिकात दोन कार्ये

नेहमीच्या हिरव्या लेसरमध्ये दोन स्फटिक असतात. पहिल्यात निओडिमियमचे अणू असून तो १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश निर्माण करतो. दुसरा त्याची कंप्रता दुप्पट करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. हे दोन्ही स्फटिक एका रेषेत, सूक्ष्म अचूकतेने बसवावे लागतात. उष्णतेने किंवा धक्क्याने त्यांची मांडणी हलली की प्रकाश मंदावतो. तेव्हा, ही दोन्ही कार्ये एकाच स्फटिकाकडून करून घेता आली तर?

हा विचार नवा नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि बॉलमन यांनी लिथियम नायोबेटाच्या स्फटिकात थुलियम ही विरल मृत्तिका मिसळून असा प्रयोग केला होता. याच बॉलमन यांनी त्यापूर्वी, १९६२ साली, बोरेटांची एक नवी मालिका तयार केली होती. हंटाइट नावाचे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे एक कार्बोनेट खनिज आहे. त्याच रचनेत कॅल्शियमच्या जागी यट्रियम किंवा एखादी विरल मृत्तिका, मॅग्नेशियमच्या जागी अॅल्युमिनियमसारखा धातू आणि कार्बोनेटाच्या त्रिकोणाच्या जागी बोरेटाचा त्रिकोण बसविता येतो, असे त्यांनी दाखविले. यट्रियम अॅल्युमिनियम बोरेट हे या कुळातील सर्वांत प्रसिद्ध अपत्य होय.

या रचनेत एक दुर्मिळ योग जुळून आला आहे. तिला सममितिकेंद्र नाही. म्हणून ती प्रकाशाची कंप्रता दुप्पट करू शकते. यट्रियमची काही स्थाने निओडिमियमने घेतली तरी रचना बिघडत नाही. म्हणून ती लेसर-प्रकाशही निर्माण करू शकते. शिवाय या रचनेत विरल मृत्तिकेचे अणू एकमेकांपासून बरेच दूर असतात. सर्व स्थाने निओडिमियमने घेतली तरी दोन शेजारी निओडिमियम अणूंतील अंतर सुमारे ५.९ अँगस्ट्रॉम राहते. अणू फार जवळ आले तर ते आपली ऊर्जा प्रकाशरूपाने न देता आपसातच वाटून वाया घालवितात. या रचनेत ही हानी पुष्कळ कमी होते. १९८१ साली सोव्हिएट शास्त्रज्ञांनी आणि १९८६ च्या सुमारास चिनी शास्त्रज्ञांनी निओडिमियमयुक्त यट्रियम अॅल्युमिनियम बोरेटात लेसर-प्रकाश आणि त्याची दुप्पट कंप्रता ही दोन्ही कार्ये एकत्र घडवून आणली.

या योगातही एक उणीव राहिली. निओडिमियमचे अणू हिरवा प्रकाश थोडासा शोषून घेतात. म्हणजे जो अणू प्रकाश देतो तोच त्याचा काही भाग परत घेतो. पुढे निओडिमियमऐवजी यटर्बियम वापरून ही उणीव टाळण्यात आली, कारण यटर्बियम दृश्य प्रकाश शोषीत नाही. १९९० च्या दशकात पॅरिस येथे गेरार आका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम कॅल्शियम ऑक्सिबोरेट हा आणखी एक द्विगुणी स्फटिक पुढे आणला. त्याचाच यट्रियमयुक्त भाऊबंद पुढे अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या एका शक्तिशाली लेसरमध्ये वापरला गेला.

स्फटिक वाढविण्याची अडचण

येथपर्यंतचे वर्णन वाचून असे वाटेल की सूत्र ठाऊक झाले म्हणजे स्फटिक हाती आला. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. सूत्र कागदावर एका ओळीत मावते; स्फटिकास मात्र आठवडे आणि महिने लागतात.

खडीसाखर कशी करतात हे आपण जाणतो. साखरेचा दाट पाक करून त्यात दोरे सोडतात आणि तो सावकाश निवू देतात. पाक निवतो तशी साखर दोऱ्यावर जमून मोठे खडे तयार होतात. पाक घाईने थंड केला तर बारीक कण पडतात किंवा साखरेची काच बनते. खडे मिळत नाहीत. सर्व स्फटिकवर्धनाचे मर्म या घरगुती उदाहरणात आले आहे.

काही पदार्थ वितळवून त्यांच्या रसातूनच स्फटिक ओढता येतो. पोलंडमध्ये जन्मलेल्या यान चोक्राल्स्की यांनी १९१६ साली शोधलेल्या पद्धतीत लहान बीज-स्फटिक रसाच्या पृष्ठभागास टेकवून, फिरवीत फिरवीत अत्यंत सावकाश वर उचलतात. त्यामागोमाग रस गोठून स्फटिक वाढत जातो. गॅडोलिनियम व यट्रियमचे ऑक्सिबोरेट या पद्धतीने वाढविता येतात, आणि त्यांचे महत्त्व मुख्यतः यामुळेच आहे. परंतु यट्रियम अॅल्युमिनियम बोरेट सरळ वितळत नाही. पुरेसे तापविले की ते वितळण्याऐवजी दुसऱ्या संयुगांत मोडते. तेव्हा त्याच्या स्वतःच्या रसातून त्याचा स्फटिक मिळणे शक्य नाही.

येथे सोनाराची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरावी लागते. सोनार ज्याप्रमाणे टाकणखारात धातूवरील मळ विरघळवितो, त्याप्रमाणे स्फटिकवर्धक एखाद्या कमी तापमानास वितळणाऱ्या क्षारात, उदाहरणार्थ पोटॅशियम मॉलिब्डेटात, यट्रियम, अॅल्युमिनियम व बोरॉन यांची ऑक्साइडे विरघळवितो. हे तापलेले द्रावण प्लॅटिनमच्या मुशीत ठेवून त्याचे तापमान दिवसेंदिवस अगदी थोडे थोडे उतरवितात. खडीसाखरेप्रमाणे स्फटिक बीजावर जमू लागतो. त्याच्या वाढीची गती दिवसाला मिलिमीटरचा काही अंश एवढीच ठेवावी लागते.

ही पद्धत उपयुक्त असली तरी तिला दोन दोष आहेत. बोरॉन-ऑक्सिजनयुक्त रस मधासारखा चिकट असतो. त्यात अणूंची हालचाल मंद होते, स्फटिकाच्या आत रसाचे थेंब अडकतात आणि घाई झाल्यास काचच बनते. दुसरे म्हणजे, वितळकातील मॉलिब्डेनमचे अणू अल्प प्रमाणात स्फटिकात शिरतात आणि जंबुपार प्रकाश शोषतात. ज्या पारदर्शकतेसाठी बोरेट निवडले तीच अशा रीतीने उणावते. भट्टीचे तापमान क्षणभर ढळले, वीज गेली किंवा मुशीत धूलिकण पडला, तर कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात.

म्हैसूरचे कार्य

स्फटिक आणि प्रकाश यांचा अभ्यास म्हैसूरला नवा नाही. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ साली झाली. ‘मानसगंगोत्री’ हे त्याचे परिसरनाम कविवर्य कुवेंपु यांनी दिलेले आहे. १९६१ साली या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाची धुरा शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी स्वीकारली. महाराष्ट्रातील वाचकांस आवर्जून सांगावयाचे म्हणजे त्यांचे पदव्युत्तर शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले होते. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे होत. द्रवस्फटिकांच्या क्षेत्रात त्यांनी पुढे जागतिक कीर्ती मिळविली. त्यांचे धाकटे बंधू पंचरत्नम् यांनी १९५६ साली ध्रुवित प्रकाशाच्या कलेविषयी जो सिद्धांत मांडला, त्याचे खरे मोल जगास तीन दशकांनंतर उमगले. तेही १९६१ पासून १९६४ पर्यंत म्हैसूर येथे अध्यापन करीत होते. १९६९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

लेसर-स्फटिकांच्या वर्धनाचे काम मात्र म्हैसूर येथे पदार्थविज्ञानात नव्हे, तर भूशास्त्र विभागात वाढीस लागले. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पृथ्वीच्या पोटात क्वार्ट्झ, बेरिल, टूर्मलीन यांचे सुंदर स्फटिक तयार होतात, ते पुष्कळदा वितळलेल्या रसातून नव्हे, तर दाबाखालील अतितप्त पाण्यातून. साध्या पाण्यात जवळजवळ न विरघळणारे खनिज अशा पाण्यात विरघळते आणि थोड्या थंड फटीत पुन्हा स्फटिकरूपाने जमते. निसर्गाची ही रीत प्रयोगशाळेत उतरविणाऱ्या पद्धतीस जलतापीय पद्धती म्हणतात. तिच्यासाठी जाड पोलादाचे, घट्ट झाकणाचे दाबपात्र लागते. तळाशी कच्चे द्रव्य, वर टांगलेले बीज-स्फटिक आणि मध्ये क्षारयुक्त पाणी अशी त्याची मांडणी असते. तळ किंचित अधिक उष्ण ठेवला की द्रव्य तळाशी विरघळून वर येते आणि बीजावर जमते. घड्याळे, रेडिओ व दूरध्वनी यांसाठी लागणारे क्वार्ट्झ जगभर याच पद्धतीने वाढविले जाते.

म्हैसूर विद्यापीठात के. बैरप्पा यांनी या पद्धतीचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांचे संशोधनशिक्षण मॉस्को विद्यापीठात झाले; हंटाइट कुळातील बोरेटांच्या वर्धनावर लिओन्यूक यांनी केलेले सखोल कामही त्याच विद्यापीठातील आहे. १९९२ साली बैरप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिथियम टेट्राबोरेटाचे स्फटिक जलतापीय पद्धतीने वाढविल्याचे प्रसिद्ध केले. हे बोरेट दाबविद्युत् गुणासाठी प्रसिद्ध आहे, आणि जंबुपार प्रकाश निर्माण करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. त्याचा वितळबिंदू ९१७ अंश सेल्सिअस आहे; पाण्याच्या साहाय्याने त्याचा स्फटिक त्याहून कितीतरी कमी तापमानास वाढतो. त्याचबरोबर म्हैसूर येथे विरल मृत्तिकांची फॉस्फेटे आणि निओडिमियमयुक्त यट्रियम व गॅडोलिनियम व्हॅनेडेटे यांवरही प्रयोग झाले. यट्रियम व्हॅनेडेट हे लेसरचे उत्तम द्रव्य असले तरी ते १८०० अंशांच्याही वर वितळते. जलतापीय मार्गाने त्याचे लहान स्फटिक ३०० अंशांच्या आतच मिळविता येतात.

अशा रीतीने आपल्या विषयाची दोन्ही अंगे, बोरेट आणि विरल मृत्तिकायुक्त लेसर-द्रव्ये, म्हैसूरच्या दाबपात्रांतून हाताळली गेली. बैरप्पा आणि जपानचे मासाहिरो योशिमुरा यांनी मिळून लिहिलेला जलतापीय तंत्राचा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि तो या विषयातील जगन्मान्य आधारग्रंथ ठरला. या पद्धतीचे स्फटिक पुष्कळदा लहान असतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि महागड्या प्लॅटिनमच्या मुशी आणि अखंड जळणाऱ्या प्रचंड भट्ट्या यांच्याविनाही मूलभूत काम करता येते, हे या कार्याने दाखवून दिले. मर्यादित साधनांच्या विद्यापीठांस हा धडा मोलाचा आहे.

वाळू आपली, स्फटिक कोणाचा?

आता विषयाच्या आर्थिक बाजूकडे वळू. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात, १९५० साली, इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली केरळमधील अलवाय येथे तिचा मोनॅझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. म्हणजे विरल मृत्तिका वेगळ्या करण्याचे तंत्र भारतास सत्तर वर्षांहून अधिक काळ अवगत आहे. आपल्या मोनॅझाइटात लँथॅनम, सीरियम व निओडिमियम भरपूर आहेत. यट्रियम आणि जड विरल मृत्तिका मात्र थोड्या आहेत. २०२५ च्या एप्रिल महिन्यात चीनने यट्रियम व गॅडोलिनियम यांसह सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा जगातील अनेक उद्योगांस चिंता वाटू लागली.

ही चिंता रास्त असली तरी लेसर-स्फटिकांपुरता हिशोब मांडून पाहावा. यट्रियम अॅल्युमिनियम बोरेटाचा ३ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर उंच व १० मिलिमीटर लांब असा तुकडा एका लहान लेसरला पुरतो. त्याचे वजन सुमारे ०.३३ ग्रॅम भरते, आणि त्यात यट्रियम असते सुमारे ०.०७ ग्रॅम. म्हणजे एक किलोग्रॅम यट्रियमात, कापताना व घासताना होणारी घट न धरता, असे दहा हजारांहून अधिक तुकडे सामावतील. निओडिमियम तर याहूनही कितीतरी कमी लागते. तेव्हा या क्षेत्रात अडसर आहे तो द्रव्याचा नव्हे. पोत्यांनी वाळू साठवून हा प्रश्न सुटणार नाही, आणि वाळू थोडी आहे म्हणून तो अडणारही नाही. अडसर आहे तो ते द्रव्य निर्दोष स्फटिकात बांधणाऱ्या कौशल्याचा.

याचे बोलके उदाहरण एका दुसऱ्या बोरेटाचे आहे. पोटॅशियम बेरिलियम फ्ल्युओरोबोरेट नावाचा स्फटिक प्रकाशास अतिदूर जंबुपार प्रदेशात, १७७.३ नॅनोमीटरपर्यंत, नेऊ शकतो. त्यात विरल मृत्तिका नाही. त्यातील घटक अनेक देशांस उपलब्ध आहेत. तरीही तो उपयुक्त आकारात वाढविण्याचे कौशल्य चीनमधील संशोधकांजवळ होते. २००९ च्या सुमारास हे स्फटिक परदेशी देण्याचे त्यांनी थांबविले, आणि इतर देशांतील प्रयोगशाळांस पर्याय उरला नाही. हा स्फटिक पातळ पापुद्र्यांत वाढतो, त्याची जाडी वाढविणे फार कठीण असते. पुढे अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात त्याचे स्फटिक निराळ्या मार्गाने वाढविण्यात आले. तो मार्ग कोणता? तो होता जलतापीय पद्धतीचा. म्हणजे म्हैसूर येथे ज्या पद्धतीची उपासना अनेक वर्षे चालली होती तिचाच.

आपल्या देशात या विद्येची इतर ठाणीही आहेत. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात लिथियम गॅडोलिनियम बोरेट या विरल मृत्तिकायुक्त बोरेटाचे स्फटिक वाढविले गेले आहेत. त्यांचे कार्य प्रकाशाची कंप्रता दुप्पट करणे हे नसून न्यूट्रॉन ओळखणे हे आहे. लिथियम, बोरॉन आणि गॅडोलिनियम या तिन्ही मूलद्रव्यांची काही समस्थानिके न्यूट्रॉन अडवितात, आणि त्यात मिसळलेले सीरियम त्या घटनेची खूण म्हणून प्रकाशाचा क्षणिक स्फुल्लिंग देते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसरसाठी लागणारे अरैखिक स्फटिक वाढविले जातात. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात तर स्फटिकवर्धनास वाहिलेले स्वतंत्र केंद्रच आहे. बीज आहे, द्रव्यही आहे. ही सर्व कामे एकमेकांस जोडून, एका जातीचा स्फटिक वर्षानुवर्षे त्याच गुणाचा निघेल अशी सातत्याची परंपरा उभी करणे हे पुढचे काम आहे.

स्फटिकवर्धन हे असे काम आहे की ज्यात निष्णात माणूस निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी राहिली, तर त्याचे अर्धे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. भट्टीचे तापमान कोणत्या टप्प्यावर किती सावकाश उतरवावे, बीज कोणत्या दिशेने कापावे, रसाच्या पृष्ठभागावरील कोणती खूण धोक्याची समजावी, या गोष्टी ग्रंथांतून पूर्णपणे शिकता येत नाहीत. त्या मुशीपाशी आणि दाबपात्रापाशी उभे राहूनच शिकाव्या लागतात. ज्या विद्यार्थ्यास लवकर फळ हवे असेल त्यास हे क्षेत्र रुचणार नाही. पण एखादा स्वच्छ खडा हाती येण्यासाठी तीन महिने थांबण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी येथे पुष्कळ काम शिल्लक आहे. जंबुपार प्रकाश न शोषणारा नवा वितळक, बेरिलियमसारखे विषारी द्रव्य टाळणारे नवे बोरेट, कमी तापमानास मोठा व निर्दोष स्फटिक देणारे नवे द्रावण, यांपैकी कोणताही प्रश्न एका आयुष्यास पुरेल इतका मोठा आहे. यांपैकी निदान शेवटच्या प्रश्नाचे काम आरंभावयास फार मोठ्या कारखान्याचीही गरज नाही. चांगले दाबपात्र, स्थिर तापमान आणि स्थिर मन एवढी सामग्री पुरेशी आहे.